खोळंबलेल्या माणसांची बाजारपेठ

प्रश्न असा आहे: "रत्नागिरीच्या बाजारपेठेत पूर्वी असलेली आणि आता नाहीशी झालेली हॉटेलं, दुकानं कोणाला आठवतात का? ती बंद का पडली? माझे आजोबा १९७५-७६च्या सुमारास गोखले नाक्याजवळच्या एका हॉटेलात कामाला होते, पण हॉटेलाचं नाव त्यांना आता आठवत नाही."

आजोबांना नाव आठवत नाही यात त्यांच्या वयाचा काही दोष नाही. आम्हालाही ते कधी ठाऊक नव्हतं. पाट्या होत्या, रंगाऱ्याकडून रंगवून घेतलेल्या, वर 'श्री' काढलेल्या. पण पाटी वाचायची पद्धत नव्हती. आमच्या घरात जी नावं चालायची ती अशी: बंदरावरचं, तीन पायऱ्यांचं, थोरल्याचं आणि धाकट्याचं (दोघे भाऊ, वाटणीत दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत घातलेली आणि दोन्हीकडे विकायला तेच गूळ-पोहे), खोकल्याचं (औषधाचं दुकान नव्हे, मालक खोकायचा). त्यामुळे यादी हवी असेल तर माझ्याकडून मिळायची नाही. आणि मालकांची नातवंडं अजून गावात आहेत, रोज भेटतात, तेव्हा खरी नावं ठाऊक असती तरी लिहिली नसती.

'बंद का पडली' याचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे. लोक म्हणतात मॉल आले, ऑनलाइन आलं. मला ते पटत नाही. 'ऑनलाइन' हा शब्द गावात पोचायच्या आधीच त्यातली निम्मी हॉटेलं मिटली होती. माझ्या मते ती बंद पडली कारण या गावात माणसं खोळंबायची थांबली. आमच्या बाजारपेठेत भुकेने कोणी हॉटेलात जात नसे, घरी जेवण होतं. माणूस हॉटेलात जायचा तो कशाची तरी वाट बघायला. बोटीची, एसटीची, कोर्टाच्या तारखेची, मनीऑर्डरीची, पाऊस उघडायची.

बोटीपासून सुरुवात करतो. आमचं घर मांडवी बंदराच्या वाटेवर. वडील मुंबईत गिरणीत, इकडे आजी, आई, मी आणि धाकटी बहीण. चाकरमान्याचं घर. तेव्हा मुंबईहून आगबोटी यायच्या. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं माझ्या वयाच्या माणसाला अजून पाठ असतील. बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर यायचे. बोट कधी दिसेल याचा नेम नाही. वारा, भरती, मागच्या बंदरात किती वेळ गेला, सगळं त्यात आलं. मग आणायला आलेली माणसं, जायला निघालेली माणसं, पेट्या, वळकट्या, तांदळाची बोचकी आणि मोसमात आंब्याच्या पेट्या, असा सगळा पसारा तासन्‌तास बंदरावर. 'बंदरावरचं' हॉटेल त्या पसाऱ्यावर चालायचं. झापांचं छप्पर, दोन बाकडी, चुलीवर कायम उकळणारा चहा. आजी म्हणायची, "त्याच्या चहात पावडर नाही गो, नुसती वाट बघणं उकळवतो मेला." जूनपासून चार महिने बोटी बंद, तसं हॉटेलही बंद. झापं उतरवून ठेवायचे. ऐंशीच्या दशकात बोटी थांबल्या, त्यानंतर ती झापं पुन्हा चढली नाहीत.

एक गंमत सांगतो. इंग्रजांना ज्याला अडकवून ठेवायचं असे त्याला ते आमच्याकडे पाठवत. पुढे समुद्र, मागे सह्याद्री, पावसाळ्यात समुद्रही बंद. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ साली इथे आणला, तो १९१६ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. तीस वर्षं. त्यातली चोवीस-पंचवीस गेल्यावर त्याला राजवाडा बांधून मिळाला. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत स्थानबद्ध. खोळंबणं हा आमचा जुना धंदा आहे असं मी उगीच म्हणत नाही.

आता तीन पायऱ्यांचं. तुमच्या आजोबांचं हॉटेल हेच असेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही, कारण गोखले नाक्याच्या आसपास तेव्हा तीन-चार तरी हॉटेलं होती. पण मला नीट आठवतं ते हेच.

रस्त्यावरून जांभ्याच्या तीन पायऱ्या चढून आत जायचं. उजव्या हाताला गल्ला, गल्ल्यामागे दत्ताची तसबीर आणि तिच्या काचेत खोचलेल्या उदबत्त्यांची राख मालकाच्या टोपीवर. काचेच्या बरण्यांत बुंदीचे लाडू, शेव, खारे दाणे. टेबलांना पांढऱ्या फरशीचे पृष्ठभाग, कडा झिजून पिवळ्या पडलेल्या. भिंतीवर 'आज रोख उद्या उधार' आणि तिच्या शेजारी 'राजकीय चर्चा करू नये'. आणीबाणीत ही दुसरी पाटी काढून टाकली होती. चर्चा करायला कोणी उरलंच नव्हतं म्हणून, की पाटी हीच राजकीय चर्चा ठरेल या भीतीने, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

खायला फार काही नसायचं. कांदाभजी, बटाटेवडा, काळ्या वाटाण्याची उसळ, पाव. उसळीला भरपूर खोबऱ्याचं वाटप, त्यामुळे संध्याकाळनंतर ती घेऊ नये असं आई बजावायची. चहा कपबशीतच, आणि बशीत ओतूनच प्यायचा.

पण त्या हॉटेलाची खरी शान होती हिशेब. बिल कागदावर नसे. गिऱ्हाईक उठलं की आतून पोऱ्या ओरडायचा आणि मालक गल्ल्यावर तेवढे पैसे घ्यायचा. आता एका वेळी चारजण उठले तर कोणाचे किती, हे मालकाला कसं कळणार? म्हणून प्रत्येकाला तिथल्या तिथे नाव. "पुढे टोपी, साठ पैसे! मागे छत्री, सव्वा रुपया! चष्मा आणि पिशवी एकत्र, दीड!" गिऱ्हाइकाला खाली उतरेपर्यंत कळायचं की आज आपण कोण आहोत. आमच्या शाळेचे एक सर, चांगले धिप्पाड, त्यांना एकदा "डबल बॉडी, ऐंशी पैसे" असं ऐकावं लागलं. सर महिनाभर फिरकले नाहीत. मग पाऊस लागला, छत्री मोडली आणि झक मारत आले. पोऱ्याने त्यांना त्या दिवशी "मोडकी छत्री" केलं.

मी सात-आठ वर्षांचा असताना बहिणीला घेऊन तिथे पहिल्यांदा एकटा गेलो. आजीने चार आणे दिले होते. एक बटाटेवडा घेतला, दोघांत अर्धा-अर्धा केला. बहिणीने तिच्या अर्ध्यातली मिरची काढून टेबलावर ठेवली, ती पोऱ्याने उचलून स्वतःच्या तोंडात टाकली आणि ओरडला, "हाफ चड्डी, वीस पैसे! रिबीन आली तशी गेली, तिचं काही नाही!" गल्ल्यावर पाच पैसे परत मिळाले. ते नाणं मी खर्च केलं नाही म्हणून ते अजून आहे. चौकोनी, अॅल्युमिनियमचं.

दुपारी दोन ते पाच हे हॉटेल कोणाच्या जिवावर चालायचं? तर कोर्टकचेरीच्या. तेव्हा जिल्हा एकच होता. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत, आणि खाली पार गोव्याच्या हद्दीपर्यंत सगळं रत्नागिरी. जमिनीचं अपील, कलेक्टर कचेरीतला अर्ज, पेन्शन, कशालाही माणूस इथवर यायचा. दिवस एसटीत जायचा आणि इथे आल्यावर कळायचं की साहेब दौऱ्यावर आहेत. फडक्यात बांधलेली कागदांची गठळी मांडीवर घेऊन ही माणसं तीन पायऱ्यांच्या हॉटेलात एका चहावर तासभर बसायची आणि मालक उठा म्हणत नसे. एक म्हातारे वेंगुर्ल्याकडचे, दर दोन महिन्यांनी दिसायचे. एकदा गल्ल्यावर पैसे देता देता म्हणाले, "फुडची तारीख पडली. आता रातचो मी खंय जातलंय?" मालकाने वर बोट दाखवलं. माळ्यावर पोऱ्या झोपायचा, तिथे एक चटई जास्तीची होती.

१ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यांच्या दृष्टीने ते फार बरं झालं, तीनशे किलोमीटरची येरझार वाचली. पण हॉटेलाची दुपार गेली. मला आठवतं, त्या पावसाळ्यात दुपारच्या वेळी मालक स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसून पेपर वाचायचा.

इथे मला एक गोष्ट लिहायचीच आहे, नाहीतर हे सगळं नुसतं गोडगोड होईल. माझ्या वर्गात बौद्धवाडीतला एक मुलगा होता. आम्ही शाळेतून बरोबर यायचो. तीन पायऱ्यांच्या हॉटेलाशी आलो की मी आत जायचो आणि तो पहिल्या पायरीवर थांबायचा. मला वाटायचं त्याला भूक नाही. त्याला कोणी 'आत येऊ नको' म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि त्यानेही कधी काही सांगितलं नाही. कॉलेजात गेल्यावर एकदा सहज विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "माझ्या आजाला तिथे बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपातून चहा मिळायचा. कप बंद झाले, पण आमच्या घरी ती पायरी शिल्लक राहिली." याच गावात १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी पतितपावन मंदिर बांधलं, सर्व जातींसाठी. १९३३ साली सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह काढलं, सगळ्यांनी एका पंगतीला बसून चहा घ्यावा म्हणून. एक कप चहा एकत्र पिण्यासाठी गावात मुद्दाम वेगळं हॉटेल काढावं लागलं होतं, आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी माझा मित्र पायरीवर उभा होता. जुन्या हॉटेलांबद्दल कोणी गहिवरून बोलायला लागलं की मी आधी विचारतो, तुम्ही कुठे बसायचात?

दुकानांपैकी एकाबद्दलच सविस्तर लिहितो, राम आळीतल्या वाण्याबद्दल. बाकीची उभ्याउभ्या सांगण्यासारखीच आहेत.

आम्ही त्यांना शेट म्हणायचो, ते आईला वहिनी म्हणायचे. बैठक गादीवर, समोर उतरता लाकडी डेस्क, डोक्यावर टांगलेलं सुतळीचं रीळ. साखर तोलून झाली की रद्दी पेपरचा चौकोन घ्यायचे, कोपरा दुमडायचे, साखर ओतायचे, वरून तीन घड्या, आणि हात वर नेऊन सुतळी खेचून दोन फेरे. गाठ कधी मारलीच नाही. टोक फेऱ्याखाली सारायचे आणि बोटाने तोडायचे. ती पुडी मांडवीपर्यंत हिसके खात यायची पण एक दाणा सांडत नसे. मी घरी कितीदा तरी करून पाहिली. माझी साखर पायावर.

खातं लाल कापडाच्या चोपडीत. वडिलांची मनीऑर्डर महिन्याच्या दहा तारखेच्या आगेमागे यायची. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि फॉर्मची खालची चिठ्ठी फाडून हातात ठेवायचा. तिच्यावर वडिलांच्या अक्षरात दोन ओळी: मी खुशाल आहे, मुलांस अभ्यास करण्यास सांगणे. आई त्याच दिवशी राम आळीत जाऊन उधारी द्यायची. अख्खी आळी, अख्खं गाव, खरं तर अख्खा जिल्हा असाच चालायचा.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. फेब्रुवारीत मनीऑर्डर आली नाही, मार्चमध्ये वडीलच आले, पत्र्याची पेटी घेऊन. म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. आई शेटकडे गेली तेव्हा मी बरोबर होतो. तिने काही बोलायच्या आधीच शेटनी चोपडी उघडली, आमचं पान भरलं होतं म्हणून ते उलटलं आणि कोऱ्या पानावर वर आजीचं नाव लिहिलं. "वहिनी, तांदूळ कुठला देऊ, जाडा की बारीक?" आई म्हणाली, "जाडा." आम्ही आधी बारीक न्यायचो. शेटनी जाडा तोलला आणि आज बारीक का नको, असं काही तोंडावर आणलं नाही.

संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही. वडील परत गिरणीत गेले नाहीत. एका कलमांच्या बागेत राखण धरली, पुढे तिथेच टिकले. त्या वर्षी गणपतीला शेटनी गूळ, तांदूळ, कापूर, वाती सगळं दिलं, सगळं लिहून घेतलं. दान नव्हतं ते, एक पै सोडली नाही त्यांनी. पण मागितलीही नाही. घाऊक व्यापाऱ्याने त्यांचा स्वतःचा माल अडवला तेव्हा बरण्या अर्ध्या दिसायला लागल्या, हे मला नंतर कळलं. १९८५च्या दिवाळीआधी आईने शेवटचे एकशे चाळीस रुपये दिले. शेटनी लाल शाईचा दौत-टाक काढला, दोन्ही पानांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं 'बेबाक'. मग शाई वाळेपर्यंत आम्हाला बसवून ठेवलं, आणि बहिणीला मूठभर खडीसाखर, न बांधलेली, नुसती कागदावर.

ते दुकान नव्वदच्या सुमारास बंद झालं. मुलगा पुण्याला लागला, शेटना दिसेनासं झालं. यात कोणी खलनायक नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. स्कॅन करा आणि घेऊन जा. कोणाचं पान उलटायची वेळच येत नाही.

बाकीची भराभर. राजिवड्याकडच्या बेकरीतली गरम खारी, जी सायकलवरून यायची. आखातात गेलेल्यांच्या घरून आलेले साबण, अत्तरं, टेपरेकॉर्डर विकणारी दोन खोकी, जिथे आम्ही काहीही विकत न घेता वास घ्यायला जायचो. गोल्डस्पॉट मिळणारं कोल्ड्रिंक हाउस. पुढे गोल्डस्पॉटच बंद झालं. फोटो स्टुडिओ, मागे रंगवलेला पडदा, त्यावर काश्मीर. समुद्र शंभर पावलांवर असताना आमच्याकडच्या नवरा-नवरींचे फोटो काश्मीरसमोर. छत्री दुरुस्त करणारे मात्र अजून एखाद-दोन आहेत. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे ते राहणारच. आणि नगर वाचनालय आहे, १८२८ सालचं. कॅसेटचं दुकान दहा वर्षं टिकलं नाही, वाचनालय दोनशे वर्षांच्या घरात आलं. तिथेही म्हणे माणसं नुसती बसायलाच येतात.

तीन पायऱ्यांचं हॉटेल नव्वदच्या दशकात संध्याकाळवर तगून होतं. संध्याकाळी खेड्यांकडे जाणाऱ्या वस्तीच्या गाड्यांचे लोक असायचे. गाडी चुकली की रात्र गावात, म्हणून सगळे तासभर आधी येऊन बसायचे. मग २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे मुंबईपासून थेट मंगळूरपर्यंत सुरू झाली. रेल्वेला मी वाईट म्हणणार नाही, माझी मुलगी दर महिन्याला तिनेच येते. पण स्टेशन कुवारबावला, बाजारपेठेपासून लांब. मुंबईचा माणूस उतरतो तो रिक्षात बसून परस्पर घरी. गावात त्याचा पाय लागत नाही. खेड्यांत वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाड्या, सुरू झालं, घराघरात दुचाकी आली, आणि मोबाइल आल्यावर तर गाडी कुठे आहे ते विचारूनच माणूस घराबाहेर पडतो. हॉटेल कुठल्या दिवशी बंद झालं ते मला सांगता येत नाही. एकदा गेलो तर फळ्या लावलेल्या होत्या आणि मी 'उद्या येऊ' असं म्हणून परत आलो.

मागच्या पावसात त्या बाजूने गेलो होतो. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढून रस्ता एवढा वर आलाय की तीन पायऱ्यांपैकी दीडच दिसते. माझा तो मित्र बरोबर होता. त्याने चपलेने ती अर्धी पायरी चाचपली आणि म्हणाला, "माझी पायरी गाडली रे."

आजोबांना एवढं विचारून सांगा: हॉटेलाला माळा होता का, आणि ते गिऱ्हाइकांना नावं ठेवून हिशेब ओरडायचे का? हो म्हणाले, तर त्यांना सांगा, हाफ चड्डी वीस पैसे, ती मी. बहिणीची मिरची त्यांनी खाल्ली होती.